मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग

फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत भिंगं पुसत होतो. दुपारी मुलांचं प्रॅक्टिकल होतं आणि बारा भिंगं टेबलावर मांडायची होती. शिपायानं ऑफिसात बोलावलं. देवासहून ताईच्या शेजाऱ्यांचा आवाज होता. "अविनाश भिया, मधुकरजी नहीं रहे. सुबह चाय पीते-पीते ही... आप आ जाओ." मी "अच्छा" म्हणालो, फोन ठेवला, परत आलो आणि उरलेली पाच भिंगं पुसली. मग रजेचा अर्ज लिहिला. धारहून देवासला जायचं तर इंदूरला बस बदलावी लागते. वाटेत घाटाबिल्लोदला गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरून एक कचोरी खाल्ली, कारण रविवारी देवासला जाताना मी तिथे नेहमी कचोरी खातो. खाऊन झाल्यावर लक्षात आलं की आज रविवार नाही... आणि तरीही फार काही वाटलं नाही. आज पाच आठवडे होत आले. अजूनही फार काही वाटत नाही, आणि त्याचीच मला थोडी भीती वाटते.

मधुकरराव माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमचं धारचं घर जुन्या वळणाचं. पणजोबा दरबारात कारकून होते, त्यामुळे वडिलांना मराठीत हिंदी मिसळलेलं खपत नसे. ते मला बजावायचे, "भाऊजी म्हण, जिजाजी काय? आपण काय रतलामचे?" पण माझ्या तोंडून जिजाजीच निघायचं आणि मधुकररावांना तेच आवडायचं. ते मला "साले साहेब" म्हणायचे. मूळचे भुसावळकडचे. कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि देवासचेच होऊन गेले. लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडे जरा नाकं मुरडली गेली होती, मुलगी फिटरला देताय म्हणून. पुढे त्याच घरातला पंखा कुरकुरायला लागला की देवासला निरोप जायचा.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. ताईची मुलगी पुण्याला परत गेली. घरात मी आणि ताई. ताईनं कुकर लावला. शिट्टी झाली तशी ती गॅस बारीक करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यांना ही ऐकू येत नव्हती रे."

"काय?"

"शिट्टी. बोलणं समजायचं, समोर बसून बोललं की. पण बारीक आवाज गेले होते. शिट्टी गेली, पैंजण गेले, तुमची ती बेअरिंगं गेली. कारखान्याच्या आवाजानं होतं म्हणाले डॉक्टर. मशिनींवरून काढून स्टोअरमध्ये घातलं ना, ते त्यामुळंच. मला शपथ घातली होती, कुणाला सांगू नकोस. तुला तर नाहीच नाही."

मी वरणाची वाटी पुढे ओढली आणि जेवलो. पण त्या दुपारपासून डोक्यात एकच गोष्ट फिरते आहे. दहा-बारा वर्षं हा माणूस मला बेअरिंग हातात देऊन "तू ऐक" म्हणत होता, आणि मी समजत होतो की ते मला शिकवतायत. ते शिकवत नव्हते. त्यांचा कान मी होतो. आणि त्यात एकदा, एका बेअरिंगच्या बाबतीत, मी न ऐकताच ऐकलं म्हणून सांगितलं होतं. ते त्यांना कळलं होतं का, एवढंच मला तेव्हा जाणून घ्यायचं होतं, आणि विचारायला ते नव्हते.

जिजाजींचं कारखान्यात नाव होतं ते कानासाठी. चालू मशिनला पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि डोळे मिटायचे. "हे दोन महिने चालेल," ते सांगायचे. किंवा, "हे आज काढा." मी स्वतः एकदा पाहिलंय, सुट्टीच्या दिवशी मला आत घेऊन गेले होते तेव्हा. त्यांनी डोळे मिटले की आजूबाजूचे लोकही गप्प व्हायचे, आरतीच्या आधी होतात तसे. मला तेव्हा वाटलं होतं, आमच्या घरात पणजोबांच्या पगडीचं एवढं कौतुक आहे, त्यापेक्षा ह्यांचा पेचकस बरा.

रेडिओच्या रिमोटवर चालणारा छोटा ट्रक घरात आला तो त्यांच्या धाकट्या भावामुळे. तो जहाजावर होता. सिंगापूरहून त्यानं सुट्या भागांचा एक खोका आणला, हातभर लांबीच्या गाडीचा. फुगीर काळे टायर, लांब एरियलचा रिमोट, आणि पाऊण दिवस चार्ज करून पंधरा मिनिटं पळणारी बॅटरी. भावानं आणला होता खेळणं म्हणून. जिजाजींनी खोका उघडला आणि पहिल्यांदा चाकाचा हब, म्हणजे मधला पोकळ भाग, हातात घेतला. आत बेअरिंग नव्हतंच. पितळी बुश होते, म्हणजे नुसत्या पितळेच्या बारीक बांगड्या. ते इतके नाराज झाले की त्या दिवशी जेवताना बोललेच नाहीत. "बुशवर चाक फिरत नाही, घासतं," दुसऱ्या दिवशी म्हणाले. "चार चाकं, एकेकात दोन. आठ बेअरिंग हवीत."

पाच मिलिमीटर भोकाची बेअरिंग त्या काळी आमच्याकडे कोण ठेवणार? दोन रविवार आम्ही इंदूरच्या सियागंजात दुकानं पालथी घातली. दुकानदार ट्रॅक्टरची बेअरिंग पुढे करायचे आणि जिजाजी बोटाची चिमूट दाखवून म्हणायचे, "इत्ता सा, भिया, इत्ता सा." शेवटी एका गल्लीतल्या म्हाताऱ्यानं आतून बिस्किटांचा डबा काढला. त्यात दोन्ही तऱ्हा होत्या. एकाला दोन्ही तोंडांना पत्र्याचं झाकण, एकाला रबराचं. मी म्हणालो, पत्र्याचं घेऊ, बघा कसं भिंगरीसारखं फिरतंय. जिजाजी हसले. "साले साहेब, हे दुकानात फिरतंय. आपली धूळ ह्यानं कुठं पाहिलीय?" आणि खरंच, माळव्याची काळी माती वाळली की जी भुकटी होते, ती पत्र्याच्या झाकणाच्या फटीतून आत जाते आणि आठवड्यात आतले गोल छर्रे खाऊन टाकते. रबर धूळ अडवतं, पण चाकालाही थोडं अडवतं. मग त्यांनी मधला मार्ग काढला. रबराची घेतली, आणि घरी आल्यावर सुईच्या टोकानं प्रत्येकाचं एका बाजूचं रबर उचकटून काढलं. झाकलेली बाजू बाहेर, धुळीकडे. उघडी बाजू आत, हबच्या पोटात. कंपनीनं भरलेलं घट्ट ग्रीस पेट्रोलनं धुऊन काढलं आणि ताईच्या शिलाई मशिनच्या तेलाचा एकेक थेंब घातला. तेव्हापासून ताईला ते तेल कधी जागेवर सापडलं नाही.

बसवायची त्यांची एक रीत होती आणि तिच्यात माफी नव्हती. हातोडी खोलीतसुद्धा आणायची नाही. हबमध्ये बेअरिंग बसवताना फक्त बाहेरच्या कड्यावर दाब द्यायचा, तोही त्याच मापाची पान्याची गोटी, म्हणजे नटावर बसणारं पोकळ टोक, ठेवून, अंगठ्यांनी, सगळीकडून सारखा. आतल्या कड्याला ढकललंत तर सगळा जोर छर्‍यांवरून जातो आणि त्यांच्या वाटेत खड्डे पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण बेअरिंग तिथेच संपतं. नट आवळायचा तो चाक डुलायचं थांबेपर्यंत, आणि मग पाव फेरा मागे. मी पहिलं बेअरिंग पेनच्या टोपणानं मधोमध दाबून बसवलं होतं. त्यांनी ते काढलं, कचऱ्यात टाकलं आणि नवं माझ्या हातात ठेवलं.

आणि बसवण्याआधी ऐकणं. पेन्सिलीच्या टोकाला बेअरिंग अडकवायचं, कानाशी धरायचं आणि बाहेरच्या कड्याला टिचकी मारायची. चांगलं असेल तर वाळू सरकल्यासारखा सलग बारीक आवाज येतो आणि विरतो. खराब असेल तर मध्ये कुठेतरी किर्र करतं, अडखळतं. सुरुवातीला ते स्वतः ऐकायचे. मग कधीतरी "तू ऐक" सुरू झालं. आता तारखा जुळवतो तर ते त्यांना स्टोअरमध्ये घातल्याच्या आसपासच. आम्हाला सांगितलं होतं की पाय दुखतात म्हणून स्वतःच मागून घेतलं. वीस वर्षं मशिनींपाशी काढलेला माणूस नट-बोल्टच्या मांडण्यांमध्ये जाऊन बसला आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. फिटर म्हणून त्यांच्याकडे उरला होता तो हा एक ट्रक. मला ते कळायला हवं होतं. माझ्या तोंडाकडे ते किती निरखून बघायचे, मी "छान" म्हणेपर्यंत त्यांचा हात कसा हवेत थांबलेला असायचा... पण मी आपला खूश. घरी येऊन बायकोला सांगायचो, जिजाजी म्हणतात माझा कान तयार झालाय.

इंदूर-उज्जैनकडच्या पाच-सहा जणांकडे तेव्हा असे ट्रक होते. कधी देवासला टेकडीच्या पायथ्याशी शर्यतीला जमायचे, कधी उज्जैनला. एका वर्षी मीच हौसेनं सगळ्यांना धारला बोलावलं, किल्ल्याखालच्या मोकळ्या जागेत. जिजाजी आपल्या कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांनाही घेऊन येणार होते. त्यांच्यात सोलंकी म्हणून एक होते. जिजाजींच्या जागेवर मशिनींपाशी आता तेच होते. जिजाजींनी त्यासाठी आठही बेअरिंग नवी घेतली. आदल्या रविवारी दुपारी आम्ही देवासला त्यांच्या पडवीत बसलो. ते एकेक देत होते, मी ऐकत होतो. पहिली पाच झाली. आत टीव्हीवर मॅच होती आणि ती शेवटच्या षटकांत आली होती. लोक ओरडत होते. सहावं बेअरिंग मी कानाशी धरलं, टिचकी मारली, आणि खरं सांगायचं तर माझा कान आतल्या खोलीत होता. मी काहीही ऐकलं नाही. "मस्त आहे, जिजाजी."

त्यांनी ते परत घेतलं. अंगठा आणि तर्जनीत धरून हळूहळू फिरवलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग माझ्याकडे बघितलं.

"नक्की?"

"नक्की. एकदम साफ." असं म्हणून मी उठलोसुद्धा. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि मी दोन मिनिटांनी परत आलो तेव्हा ते मागच्या डाव्या चाकात बसलेलं होतं.

धारच्या मैदानावर आमचा ट्रक दोन फेऱ्या सगळ्यांच्या पुढे होता. माझ्या कॉलेजचे चार लोक आले होते. वडीलही आले होते, छत्री टेकून उभे. तिसऱ्या फेरीत ट्रक वळणावर विचित्र डुलला, मागची डावी बाजू खाली दबल्यासारखी झाली, आणि तो जागच्या जागी गिरकी घेऊन उलटा पडला. जिजाजी धावत गेले. चाक जाम झालं होतं. हब इतका तापला होता की प्लॅस्टिक मऊ पडलं होतं. त्यांनी तिथेच मातीत बसून नट सोडला, बेअरिंग काढलं, हातात धरलं. सगळे भोवती जमले. सोलंकी वाकून बघत म्हणाले, "अरे मधु भिया, तमारे से बेरिंग में चूक? अब तो स्टोर में ही ठीक हो तम." लोक हसले. मनापासून वाईट हेतूनं हसले असं नाही. माळव्यात अशी चेष्टा चालतेच.

जिजाजीही हसले. "बसवताना हात चुकला माझा," ते म्हणाले. मराठीतच म्हणाले आणि मग सोलंकींसाठी हिंदीत पुन्हा. "बिठाने में गलती हो गई, यार. उमर हो गई."

मी तिथेच होतो. हातभर अंतरावर. हात त्यांचा चुकला नव्हता हे त्या मैदानात मलाच माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं, की ते माझ्याकडून झालं. पण कॉलेजची माणसं होती, वडील होते... मी पाण्याची बाटली पुढे केली. ती त्यांनी घेतली आणि "थँक्यू, साले साहेब" म्हणाले.

त्यानंतर ते चारचौघांत ट्रक घेऊन कधी गेले नाहीत. विचारलं तर पाय दुखतात म्हणायचे. पण बेअरिंग बदलणं सुरूच राहिलं, आणि "तू ऐक" म्हणणंही. पडवीतून ट्रक गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि परत यायचा, एवढंच. मी मात्र पुढे एकही बेअरिंग न ऐकता परत केलं नाही. दोनदा, तीनदा ऐकायचो. नको तितकी बाद करायचो. ते हसून म्हणायचे, "फार कडक झालास रे." मला अनेकदा वाटलं, आज सांगून टाकू. मग ताई चहा आणायची, नाहीतर बसची वेळ व्हायची, आणि सांगायचं राहून जायचं. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं, असंही वाटायचं. ते ऐकू शकत नव्हते हे तेव्हा मला माहीत नव्हतं. असतं तरी मी सांगितलं असतं का, याची मला खात्री नाही.

गेल्या रविवारी मी देवासला गेलो होतो. ताईनं त्यांचं कपाट आवरायला काढलं होतं. शर्ट, स्वेटर, चष्म्याच्या दोन डब्या. खालच्या खणात श्रीखंडाचा एक चपटा प्लॅस्टिकचा डबा निघाला. मी तो यापूर्वी कधी पाहिला नव्हता. आत बेअरिंग होती, वापरून झालेली, नाहीतर बाद ठरलेली, पस्तीस-चाळीस तरी. प्रत्येक बेअरिंग कागदाच्या चिठ्ठीत गुंडाळलेलं. स्टोअरमध्ये वस्तूंना चिठ्ठ्या लावायची सवय, दुसरं काय. मी एक सोडवली. त्यांच्या बारीक तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, 'पुढचं उजवं, बाहेरचं. अवि : चांगलं. बसवलं.' दुसरी, 'अवि : किर्र करतं. बाद.' तिसरी, 'अवि : चांगलं.' सगळ्यांवर माझं नाव. त्यांचं स्वतःचं मत एकाही चिठ्ठीवर नव्हतं.

एकीवर होतं. ती चिठ्ठी ग्रीसनं पिवळी पडली होती आणि आतलं बेअरिंग काळंनिळं, जळलेलं, न फिरणारं. 'मागचं डावं. बोटांना खरखर लागते. अवि म्हणतो साफ आहे. बोटांपेक्षा अविचा कान खरा. बसवलं.' त्याखाली वेगळ्या शाईत, नंतर कधीतरी लिहिलेलं : 'धारला जाम झालं. अविला बोलू नये. त्यानं नीट ऐकलं होतं, मनाला लावून घेईल.'

मी ती तीनदा वाचली. दाराशी ताई घड्या घालत बसली होती. तिनं विचारलं, "काय लिहिलंय रे?" मी तिला वाचून दाखवलं. माझा आवाज अगदी सरळ होता, प्रॅक्टिकलच्या सूचना वाचून दाखवतो तसा. वाचून झाल्यावर तिनं पुढचा स्वेटर हातात घेतला. मग मी म्हणालो, "ताई, मी ऐकलंच नव्हतं. आत मॅच चालू होती. मी नुसतं म्हटलं."

इतक्या वर्षांत ते वाक्य पहिल्यांदा तोंडाबाहेर पडलं होतं. ताई हातातला स्वेटर तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. ती रागावेल, किंवा जाऊ दे म्हणेल, असं मला वाटलं. तिनं दोन्ही केलं नाही. स्वेटर मांडीवर ठेवला, डबा ओढून घेतला आणि त्यातलं 'अवि : चांगलं' लिहिलेलं एक बेअरिंग चिठ्ठीतून सोडवून माझ्यापुढे धरलं.

"मला कधी कळलंच नाही तुम्ही दोघं काय ऐकत बसायचात ते," ती म्हणाली. "काय ऐकू येतं, सांग बरं."

टेबलावर पेन्सिल होती. मी बेअरिंग तिच्या टोकाला अडकवलं, कानाशी धरलं आणि टिचकी मारली. छर्रे सलग फिरले, शेवटाला एका जागी किंचित अडले, आणि थांबले. ताई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो. "थांब, पुन्हा ऐकतो."